घरी आजारपण, समोर कडक साहेब: रजा कशी मागायची, कोणत्या क्रमाने

एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात मी चौदा वर्षं मस्टर, म्हणजे हजेरीपट, सांभाळलं. रजेचे अर्ज आधी माझ्या टेबलावर यायचे, मग साहेबाकडे जायचे, आणि लाल शेरा पडून परत माझ्याचकडे यायचे. परत आलेल्या अर्जांत खोटी अडचण क्वचितच असायची. कुणाच्या आईचं डायलिसिस, कुणाची बायको बाळंतपणात अडलेली, कुणाचा बाप लकव्यानं आडवा. पण अर्ज असा लिहिलेला की 'नाही' म्हणणंच सोपं पडावं.

कडक साहेबाला पाझर फोडायच्या भानगडीत पडू नका. नाही म्हणण्यापेक्षा सही करणं कमी कटकटीचं वाटेल, असा कागद त्याच्यापुढे ठेवा. तो कागद कसा तयार करायचा तेवढंच खाली लिहिलंय. जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना), सूतगिरणी, पतसंस्था, संस्थेची शाळा, ठेकेदारीवरची नोकरी, पंचायत समिती, कुठेही असा, क्रम हाच. फरक आहे तिथे सांगितला आहे.

## १. घरी सगळे धडधाकट असताना

हे वाचताना घरी सगळं ठीक असेल तर हा टप्पा आजच उरकून घ्या.

तीन फोन नंबर एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा: साहेबाचा, टाइम ऑफिसचा किंवा आस्थापना लिपिकाचा, आणि तुमच्या जागी उभा राहील अशा जोडीदाराचा. मोबाईलमध्ये आहेत हे पुरत नाही. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मोबाईल बंद पडतो आणि चार्जर घरी खिळ्याला लटकत असतो.

आपली किती रजा शिल्लक आहे हे विचारून ठेवा. पीएफ कापला जात असेल तर यूएएन (पीएफ खात्याचा तुमचा नंबर) चालू आहे का, आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का, ते बघा. घरच्यांच्या आजारपणासाठी पीएफमधून पैसे काढता येतात, आणि केवायसी पूर्ण असेल तर ऑनलाइन अर्जावर साहेबाची सही लागत नाही.

रेशन कार्डावर आई-वडिलांचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का, हेही आजच बघा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे, पण कार्डावर 'शांता' आणि आधारवर 'शांताबाई' निघालं की रात्री अकराला धावपळ होते. रजेच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. इलाजाचा खर्च योजनेत बसला तर शेठकडे उचल मागायची वेळ येत नाही, आणि रजा व उचल एकाच दिवशी मागणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलंय. शेठ उचल देतो आणि रजा देत नाही. पैसे घेतलेला माणूस मग तोंड उघडू शकत नाही.

## २. पहिले दोन तास: एक फोन, एक मेसेज

सगळ्यात जास्त नोकऱ्या इथे अडचणीत येतात. माझीही आली होती.

२०१४ च्या डिसेंबरात पहाटे बाबांना लकवा मारला. तेव्हा मी दुसरीकडे, एका जिनिंगवर वजनकाट्यावर होतो. गाडी मिळवण्याच्या गडबडीत शेजारच्या पोराला म्हटलं, "मॅनेजरले सांगजो, मी येत नाही म्हणून." त्या पोराची त्याच दिवशी पाळी बदलली आणि तो विसरला. मी नऊ दिवस दवाखान्यात. इकडे जिनिंगवाल्यानं रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. घराला कुलूप, सगळे वॉर्डात. पोस्टमननं कडीत चिठ्ठी अडकवली, ती वाऱ्यानं कुठे गेली कोण जाणे. दहाव्या दिवशी कामावर गेलो तर माझ्या स्टुलावर दुसराच माणूस बसलेला, आणि मॅनेजर म्हणाला, "तुले तर नोटीस देल्ली होती बाप्पा." नोकरी गेली. बाबांच्या आजारपणानं नाही, एका न पोचलेल्या निरोपानं.

तर पहिल्या दोन तासांत हे करा:

१. साहेबाला स्वतः फोन लावा. उचलला नाही तर आणखी एकदा. तिसऱ्यांदा लावू नका.
२. उचलो न उचलो, मेसेज टाका. व्हॉट्सॲपवर टाका आणि साधा एसएमएससुद्धा करा. गावात रेंजची एकच काडी असते तेव्हा व्हॉट्सॲप अडकून पडतं, एसएमएस निघून जातो.
३. तोच मेसेज टाइम ऑफिसला किंवा लिपिकाला पाठवा.

मेसेज एवढाच:

"साहेब, आज पहाटे ४ वाजता वडिलांना लकवा झाला. सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन जात आहे. आज पहिल्या पाळीला येऊ शकत नाही. संध्याकाळी ६ पर्यंत पुढचं कळवतो. (नाव, टोकन नंबर, खातं)"

यात विनवणी नाही आणि 'समजून घ्या' नाही. काय झालं, कुठे आहे, आज काय होणार नाही, पुढचं कधी कळेल. आणि सहाला कळवतो म्हटलं तर सहाला कळवा, डॉक्टरांनी काहीच सांगितलं नसलं तरी. "अजून रिपोर्ट आले नाहीत, उद्या १० वाजता कळवतो" हाही निरोपच आहे.

खबरदारी: कामाच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे पन्नास जण हात जोडल्याचं चित्र टाकतात, तुमचा मेसेज वर निघून जातो आणि साहेब म्हणतो मी पाहिलाच नाही. व्हॉइस नोटही नको. कडक साहेब दोन मिनिटांचं रडणं ऐकत बसत नाही, आणि पुढेमागे दाखवायला लिहिलेलं लागतं.

तपासा: मेसेज गेल्याचा स्क्रीनशॉट काढला का? शेजाऱ्याला सांगितलं का की पोस्टमन आला तर मला फोन कर?

## ३. दवाखान्यात कागद गोळा करा

सेवाग्राम असो, सावंगी असो की नागपूरचं मेडिकल, भरती झाल्यावर पहिला कागद हातात येतो. त्याचा फोटो तिथल्या तिथेच काढा, कारण मूळ कागद सिस्टरच्या फाईलमध्ये जातो आणि सुटी होईपर्यंत परत मिळत नाही. फुले योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडे नोंद त्याच दिवशी करून घ्या.

मग भरती असल्याचा दाखला मागायचा. तो सकाळच्या राउंडनंतर वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना मागा. राउंड चालू असताना मध्ये घुसलात तर उद्यावर जातं. दाखल्यात रुग्णाचं नाव, भरतीची तारीख, आजार, आणि 'सोबत जवळचा नातेवाईक असणे आवश्यक' हे वाक्य हवं. शेवटचं वाक्य डॉक्टर आपणहून लिहीत नाहीत, विचारावं लागतं. पण साहेबाचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो: दवाखान्यात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, तू तिथं काय करतोस?

दाखल्यावर तुमचं नाव कुठेच नसतं. म्हणून नातं दाखवणारा कागद सोबत जोडा, रेशन कार्डाची झेरॉक्स चालते. सासू भरती असेल तर आडनाव वेगळं असतं आणि साहेबाची भुवई तिथेच वर जाते. बायकोच्या आधारची झेरॉक्सही लावून टाका.

खबरदारी: गावातल्या डॉक्टरकडून स्वतःच्या नावानं टायफॉइडचं सर्टिफिकेट आणू नका. 'बापाच्या आजाराला रजा नाही, आपल्या आजाराला आहे' म्हणून लोक हे करतात. आपल्याकडे हे चार दिवसही टिकत नाही. साहेबाचा ड्रायव्हर तुमच्याच गावचा असतो, आणि तो सहज बोलून जातो की तुम्ही तर काल वर्ध्याच्या स्टँडवर थर्मास घेऊन उभे होता. खरी अडचण असलेला माणूस मग खोटारडा ठरतो, आणि पुढचा खरा अर्जही खोटाच वाटतो.

## ४. दिवस मोजा

'बाबा बरे होईपर्यंत रजा मिळावी.' हे वाक्य असलेला अर्ज मंजूर झालेला मी पाहिला नाही. साहेबाला रजेचा तेवढा त्रास नसतो, अंत नसलेल्या रजेचा असतो.

डॉक्टरांना दोन वेगळे प्रश्न विचारा. अंदाजे किती दिवस भरती राहील? आणि घरी नेल्यावर किती दिवस माणूस लागेल? हे दोन आकडे लोक एकत्र करतात आणि थेट महिना मागतात.

मग घरातल्या सगळ्यांना जमवून वाटणी करा. औषधाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला रेघा मारा: एका बाजूला तारखा, वर दिवस आणि रात्र. भावाचं सोयाबीन सोंगायला आलं असेल तर त्याला रात्र द्या, दिवसा तो शेतात जाईल. नागपूरची बहीण शनिवार-रविवार येऊ शकते. बायको घरची गुरं आणि पोरं बघेल की दवाखाना, दोन्ही तिच्याच गळ्यात घालू नका. सगळं भरून झाल्यावर ज्या चौकटी रिकाम्या राहतात, तेवढीच तुमची रजा. पंधरा दिवस लागतील असं वाटत होतं तिथे सहा निघतात, आणि सहा दिवसांचा अर्ज पंधराच्या मानानं फार हलका असतो.

बोलायला जड आहे, तरी सांगतो. सगळी शिल्लक पहिल्याच आठवड्यात संपवू नका. वाईट झालं तर तेरवीपर्यंतचे दिवस लागतात, आणि चांगलं झालं तर तपासणीच्या फेऱ्या लागतात.

तपासा: 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही तारखा ठरल्या का? मधला साप्ताहिक सुट्टीचा दिवस मोजला का?

## ५. कोणत्या खात्यातून रजा

खासगीत असाल तर. घरच्या माणसाच्या आजारपणासाठी म्हणून वेगळी पगारी रजा खासगी कामगाराला कायद्यानं दिलेली नाही. तेव्हा 'द्यावीच लागते' असं म्हणत केबिनमध्ये शिरू नका, पहिल्याच वाक्यात तोंडावर पडाल. जी आहे ती साठलेली पगारी रजा, किरकोळ रजा आणि बिनपगारी रजा. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू आहे तिथे वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस भरले तर दर २० दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा, ४५ दिवसांपर्यंत साठवता येणारी. अगदी लहान दुकानांना तो लागू नाही.

पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयसी (कामगार विमा) कापलं जात असेल तर एक गैरसमज काढून टाका. ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळणारा आजारपणाचा लाभ तुम्ही स्वतः आजारी असाल तरच आहे. वडिलांच्या आजारपणासाठी तो नाही. मात्र तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा इलाज ईएसआयसीत होतो, त्यांची नावं कार्डावर चढवलेली असतील तर.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेत असाल तर. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, तेव्हा अर्जात 'हक्काची रजा' लिहून साहेबाला चिडवू नका. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे वडिलांचं वैद्यकीय प्रमाणपत्र लावून परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजा पूर्ण पगारी करून मिळते ती) मागणं. ती स्वतःच्या आजारपणासाठी असते. वडिलांसाठी अर्जित रजा मागा, किंवा खासगी कारणासाठी अर्धवेतनी रजा, जी वर्षाला २० दिवस जमा होते. शिक्षकांची अर्जित रजा तुटपुंजी असते, त्यांना अर्धवेतनीच कामी येते. लेकरू आजारी असेल तर महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आणि अर्जात मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं ठिकाण, सोडण्याची परवानगी मागायला विसरू नका. नेमक्या त्या एका ओळीवरून नोटीस निघते.

ठेकेदाराकडे असाल तर. अर्ज ठेकेदाराच्या नावे, आणि प्रत जिथे प्रत्यक्ष काम करता त्या कार्यालयाला. ठेकेदाराचा सुपरवायझर कागद घेत नाही, 'तोंडीच चालते' म्हणतो. तोंडी त्याचं चालतं, तुमचं नाही. प्रत द्याच.

## ६. काम कुणाच्या हाती

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि कडक साहेबाला सगळ्यात आधी हाच दिसतो. तुमच्या बापाचा बीपी किती होता यात त्याला रस नसतो. उद्या सकाळी काट्यावर कोण बसणार यात असतो.

जोडीदाराशी आधी बोला आणि त्याचा होकार घ्या. त्याच्या न कळत अर्जात त्याचं नाव घालणं ही भांडणाची खात्रीची वाट आहे. बदल्यात काय देणार तेही सांगा: "पोळ्याले तुह्या पाळीवर मी येतो."

मग अर्ध्या पानावर लिहा: रोजचं काम काय, कोणती नोंद कुठे, कोणती किल्ली कुणाकडे, या आठवड्यात काय देणं बाकी आहे. पतसंस्थेत असाल तर कॅशची मोजदाद करून सही घेऊनच निघा. शाळेत असाल तर तासिका कोण घेणार ते लिहा. हा अर्धा पान कागद अर्जाला जोडायचा.

## ७. अर्ज

अर्ज एका पानात, दोन प्रती. नमुना:

"विषय: वडिलांच्या आजारपणामुळे दि. __ ते दि. __ (सहा दिवस) रजा मिळण्याबाबत.

माझे वडील दि. __ पासून __ येथे भरती आहेत. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दिवसा सोबत थांबण्यासाठी मला वरील सहा दिवसांची रजा हवी आहे. माझ्या खाती असलेली पगारी रजा वापरावी. कमी पडल्यास उरलेले दिवस बिनपगारी धरावेत. या काळात माझे काम श्री. __ पाहतील, त्यांची संमती व कामाची यादी सोबत आहे. मी दि. __ रोजी पहिल्या पाळीला हजर होईन. फोन: __"

बस. 'आपण मायबाप आहात' नको. 'माझी परिस्थिती हलाखीची' नको. आजाराचं वर्णन एका ओळीपेक्षा जास्त नको. बिनपगारीची तयारी आधीच लिहिलेली असली की साहेबाचं 'फुकट पगार द्यायचा का' हे हत्यार आपोआप खाली पडतं.

दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: तारीख, सही, शिक्का. सरकारी ठिकाणी आवक क्रमांक. शिक्का मारायला कुणी तयार नसेल तर त्याच कागदाचा फोटो साहेबाला आणि लिपिकाला पाठवा, किंवा स्पीड पोस्टानं टाका आणि पावती जपून ठेवा.

तपासा: दाखला, नात्याचा कागद, कामाची यादी, जोडीदाराची सही. चारही जोडली का? हजर होण्याची तारीख आहे का?

## ८. केबिनमध्ये

शक्य असेल तर अर्ज स्वतः घेऊन जा. दवाखाना लांब असेल आणि यायला जमत नसेल तर घरचं माणूस कागद घेऊन येऊ द्या, पण फोनवर तुम्हीच बोला.

वेळ बघून जा. सीझनमध्ये गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना शेठपुढे उभे राहू नका. वरच्या ऑफिसची बैठक असेल त्या सकाळी साहेबाकडे नको. जेवणानंतरचा अर्धा तास बरा असतो. चारचौघांत मागू नका, कारण चौघांसमोर हो म्हटलं तर उद्या चौघं मागतील, या भीतीनंच तो नाही म्हणतो.

आमच्या खात्यातल्या एका माणसाचं बोलणं मी दाराआडून ऐकलेलं आहे. असं बोलायला शिकायला हवं:

"साहेब, बाबाले परवा लकवा मारला. सेवाग्रामले भरती आहे. मले सोमवार ते शनिवार, सहा दिवस पाह्यजे. माह्या मशीनवर दुसऱ्या पाळीतला येते, त्यानं सही देल्ली आहे. हा अर्ज, हा दाखला."

"सीझन चालू आहे, दिसत नाही का तुले? घरी दुसरं कोणी नाही?"

"हाव साहेब, भाऊ आहे. तो रात्री थांबते. दिवसा तपासणी, औषधं, सह्या, यासाठी एक माणूस लागते."

"सहा दिवस नाही जमत."

"मंग चार द्या. बुधवारी रात्री फोन करून सांगतो वाढवा लागते का नाही. पण आजच सांगा साहेब, मले चारच्या गाडीनं परत जायचं आहे."

साहेबानं चार दिवस दिले. पुढे वाढवून दोन दिले. बघा, तो कुठेच रडला नाही, चिडला नाही, आणि 'घरी कोणी नाही का' या टोमण्याला त्यानं माहितीचा प्रश्न समजून उत्तर दिलं. खाली उतरायची एक पायरी त्यानं आधीच ठरवून ठेवली होती. सहा मागितले, चारवर चालणार होतं. तुम्हीही घरूनच ठरवून जा की कमीत कमी किती दिवसांवर भागेल.

खबरदारी: 'मागच्या वर्षी अमक्याले तर पंधरा दिवस देल्ले' हे तोंडातून काढू नका. खरं असलं तरी. साहेब मग रजेबद्दल बोलायचं सोडून स्वतःचा बचाव करू लागतो, आणि तो अमका तुमच्यावर कायमचा रुसतो.

आमदाराचा किंवा जिल्हा परिषद सदस्याचा फोन लावण्याचा मोहही आवरा. फोननं रजा मिळते, नाही असं नाही. पण साहेब तो फोन लक्षात ठेवतो, आणि तुमचं आजारपण संपल्यावर त्याची वसुली सुरू होते. नेत्याला तोवर तुमचं नावही आठवत नसतं.

## ९. नाही म्हटलं तर

नकार तीन तऱ्हांचा असतो, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे.

'पाहू.' हा सगळ्यात धोक्याचा, कारण आपण त्याला होकार समजून निघून जातो. केबिनबाहेर येताच मेसेज टाका: "साहेब, अर्ज दिला, आपण पाहतो म्हणालात. सोमवारपासून जाणं भाग आहे. अडचण असल्यास आज ५ पर्यंत कळवावे." उत्तर आलं नाही तरी तुमच्याकडे नोंद राहते. सरकारी नोकरीत मात्र एवढ्यावर भागत नाही, आदेश निघाला का ते लिपिकाकडे विचारत राहा.

'आता नाही, पुढच्या आठवड्यात.' दवाखाना पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाही हे त्यालाही कळतं. इथे तुकडे करून मागा: दोन दिवस आता, दोन नंतर. पाळी बदलून मागा. रात्रपाळी करून दिवसा वॉर्डात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आठवडाभर जमतं, त्यापुढे मशीनवर झोप येते आणि हात जातो. आठवड्यापुढे हा उपाय नको.

'गेलास तर परत येऊ नको.' उत्तर देऊ नका. बाहेर या, पाणी प्या. मग त्याच अर्जाची प्रत त्याच्या वरच्याकडे द्या: जनरल मॅनेजर, संस्थेचे सचिव, गटशिक्षणाधिकारी, जो असेल तो. भाषा तक्रारीची नको, 'माहितीसाठी व निर्णयासाठी' एवढंच. युनियन असेल तर प्रतिनिधीला सोबत घ्या.

आणि जाणं टळतच नसेल, तर जा. माझं मत स्पष्ट आहे: बापाचं ऑपरेशन असताना बिनपगारी दिवस आणि एक मेमो परवडतो. फक्त कागद मागे ठेवून जा. जितके दिवस गैरहजर तितक्याच दिवसांचा पगार कापता येतो, शिक्षा म्हणून आठवड्याचा नाही. कामगाराला त्याची बाजू मांडायची संधी न देता नुसत्या गैरहजेरीवरून कामावरून काढणं चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात सांगून ठेवलंय. मात्र अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत (नोकरीच्या लेखी नियमांत) रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर झालं नाही तर नोकरीवरचा हक्क जाण्याची अट असते. ते आठ दिवस ओलांडू नका. मधे एक दिवस येऊन तोंड दाखवा, नाहीतर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी पोचता करा.

खरंच काढलं तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

खबरदारी: या दिवसांत कशावरही सही करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच. 'हिशोब घेऊन जा' म्हणत पुढे केलेला कागद बहुतेक वेळा राजीनामा असतो, आणि तीन रात्री न झोपलेला माणूस तो वाचत नाही. रागानं स्वतः राजीनामा फेकणारेही मी पाहिलेत. मेमोला लढता येतं, आपल्या हातच्या राजीनाम्याला नाही.

## १०. रजेवर असताना आणि परत येताना

रोज फोन करून हालहवाल सांगू नका. ठरल्या दिवशी एक मेसेज पुरे. जोडीदाराचा कामाबद्दल फोन आला तर मात्र उचला, तुमची रजा त्याच्या खांद्यावर चाललेली आहे. दवाखान्याच्या पारावर चहा पितानाचा फोटो स्टेटसला ठेवू नका. साहेब स्टेटस बघतो, आणि चहा त्याला सहल वाटते.

ठरलेल्या तारखेला पाळीच्या दहा मिनिटं आधी हजर व्हा. रुजू झाल्याचा अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या. दवाखान्यातून सुटीचं (डिस्चार्ज) कार्ड मिळालं असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. पुढच्या तपासणीच्या तारखा त्याच दिवशी लेखी देऊन टाका. महिनाभर आधी सांगितलेल्या एका दिवसाला कडक साहेबही सहसा हरकत घेत नाही. जोडीदाराच्या पाळीचं जे कबूल केलं होतं ते पहिल्या पंधरवड्यात फेडा.

राहता राहिला पगार. पावती हातात आली की कापलेले दिवस बोटांवर मोजा, पगारी रजा आधी वळती झाली का बघा, साप्ताहिक सुट्टी गैरहजेरीत धरली का तेही बघा. घोळ असेल तर त्याच महिन्यात टाइम ऑफिसच्या खिडकीशी या. पुढच्या महिन्यात मस्टर बंद होऊन वरच्या कपाटात जातं, आणि त्या कपाटाची किल्ली हमखास रजेवर गेलेल्या माणसाच्या खिशात असते.